बत्तीस अक्षरं

खैरेबाईंचा फोन सकाळी नऊ दहाला.
"अहो, तुमचं ते मला आत घेतं,
पुस्तकाचा नंबर टाकला की विचारतं, आपण कोण?
अकरा वर्षं मी या खुर्चीत बसते."

धायरीच्या वाचनालयाचा सर्व्हर परवा बदलला.
जुना घरघरायचा, पण ओळख ठेवायचा.
नवा गप्प.

वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, खाली हायवेची धग,
मी कुकर बंद केला आणि नोंदी उघडल्या.
बाई आल्या. पासवर्ड बरोबर. या.
बाई कोण? माहीत नाही. पुन्हा पासवर्ड.
बाई आल्या. पासवर्ड बरोबर.
ये रे माझ्या मागल्या,
नऊ वाजून दोन ते नऊ वाजून नऊ, एकोणीस वेळा.
एकोणीस वेळा एक बाई तोच शब्द बिनचूक टाइप करते,
एकदाही चिडून चुकत नाही.
मला कौतुक वाटलं, आणि जरा लाज.

दुपारी कळलं घोडं कुठे पेंड खातंय.
दारावर मिळणारा बिल्ला आता अठ्ठेचाळीस अक्षरांचा,
तक्त्यात जागा बत्तीस.
पुढची सोळा कापली जायची, आवाज न करता.
बाई अख्खा बिल्ला घेऊन परत यायच्या,
आत त्यांची खूण खांद्यापासून तुटलेली.

बत्तीस कुणी लिहिलं?
शेजारी टीप होती: तात्पुरतं. नंतर बघू.
लिहिणारा कुठल्या देशातला, आता काय करतो, ठाऊक नाही.
शिव्या ओठांवर आल्या होत्या.
मग वेळ पाहिली. त्याच्याकडे पहाटेचे तीन.
आणि तेव्हा बत्तीस पुरत होती.

बत्तीसची एकशे अठ्ठावीस केली.
डेटाबेसला सांगितलं, यापुढे मुकाट कापायचं नाही.
बसत नसेल तर ओरड.

तो ओरडला. भलत्याच ठिकाणी.
सभासदांच्या तक्त्यात, दाखल झाल्याच्या रकान्यात
सातशे तेरा माणसं:
दिवस शून्य, महिना शून्य, वर्षाला चार शून्यं.
जुन्याला चालायचं. नवा म्हणतो,
असा दिवस कधी उजाडलेलाच नाही.

पुन्हा बाईंना फोन.
"शून्य कसं हो?
ती वहीतली माणसं. दोनशे बारा नंबर, पोमण,
गिरणीतून तसेच यायचे, पीठ अंगावर,
पुस्तकात पांढरा अंगठा उमटायचा.
आले तर होतेच.
तारीख लिहायची राहिली, एवढंच."

एवढंच.
शून्य आणि रिकामं यांतला फरक
कॉलेजात दोन तास शिकवला होता,
मी मागच्या बाकावर मेंदी वाळवत होते.
रिकामं म्हणजे, माहीत नाही.
शून्य म्हणजे, माहीत आहे आणि काही नव्हतं.

सातशे तेरा शून्यं पुसली. जागा तशीच ठेवली.
मग पोस्टग्रेसवरही चालवून पाहिलं,
कारण चिपळूणचं एक वाचनालय त्याच्यावर आहे.
त्यानं शून्य तारीख कधी मानलीच नव्हती,
रिकामी जागा मात्र निमूट घेतली.

बदल पाठवताना कारण एका ओळीत लिहायचं असतं.
लिहिलं: बिल्ल्याची जागा वाढवली, शून्य तारखा रिकाम्या केल्या.
पिठाच्या अंगठ्याला रकाना नव्हता.

संध्याकाळी बाई आत गेल्या. फोन कानालाच.
पुस्तकाचा नंबर टाकला. थांबल्या.
"आहे हो मी अजून."
मग कुणाची तरी पावती, कपाटाची कडी,
"थांबा, चहा घेऊन येते.
बघू, तोवर ठेवतंय का मला."

फोनमध्ये पंखा.
कुणीतरी दाराशी चपला काढतंय.
सात मिनिटं झाली.
बशी टेबलावर टेकल्याचा आवाज आला.