तीन दिवसांचा मासा

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजलेले पाने आणि बिनझाकणाच्या बरण्या यांच्या मधे
तागाच्या पोत्यावर तो पडला होता.
कुठल्याशा पुस्तकातून ब्लेडने कापलेला कॉड.
विकणारा म्हणाला, देवमासा आहे मॅडम, दोनशे द्या.
मी एकशेवीस दिले.

माझं काम कागदाचं. डाग उतरवायचे,
वाळवीची भोकं बुजवायची.
रात्री दिव्याखाली नीट पाहिला:
पाठीवर तीन पंख, पोटाखाली दोन,
कुशीतून गेलेली फिकट रेघ, शिंप्याने खडूने मारावी तशी,
हनुवटीला एकच मिशी.
अंगावरचे ठिपके हाताने रंगवलेले, एकेक,
कुणीतरी, कुठल्यातरी थंड गावात,
बहुधा डझनावर मजुरी घेऊन.
खाली त्याचा धाकटा भाऊबंद, हॅडॉक.
खांद्यावर काळा डाग.
तिकडचे कोळी म्हणायचे, संताने उचलला होता, अंगठा उमटला.

आमच्या घरी मासा आला तो बाटलीतून.
चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर,
आणि कपाटात लेबलावरचा तो माणूस,
पाठीवर त्याच्याएवढाच मासा घेऊन उभा.
शाळेआधी आई चमचा धरायची.
नाक दाब. गीळ. वर गुळाचा खडा.
काका कुरकुरले तर म्हणायची,
औषधाला कसलं सोवळं?
माझी हाडं ज्याने सरळ केली
त्याचं तोंड मी बेचाळिसाव्या वर्षी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी गणेश पेठेत गेले. मासळीबाजारात पहिल्यांदाच.
गुरुवार, गिऱ्हाईक तुरळक.
यमुनाबाई तारूंनी हात पदराला पुसले, पुरते नाही,
प्लास्टिकमधून कागद ओढून काढला,
कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

शिळा आहे, म्हणाल्या.

काय?

डोळा बघा, आत बसलाय. पोट सैल.
तीन दिवसांचा तरी असेल, तोही बर्फाविना.
काढणाऱ्यानं पाण्यात बघितलेला नाही हा.
मग मिशीवर बोट: एकच?
आमच्या शिंगाळ्याला आठ असतात.

मी वाचलेलं सांगत सुटले.
तिथे म्हणे टोपली सोडली की भरून यायची.
दोरीला गळ, गळाला शिंपल्यातला किडा,
थंडीने बोटं फुटेपर्यंत माणसं ओढत राहायची,
फाडून, मिठात घालून, खडकांवर वाळवून
जहाजंच्या जहाजं भरून पाठवायची.
शेकडो वर्षं. मग यंत्राच्या बोटी आल्या,
तळ खरवडणारी जाळी आली,
आणि एके वर्षी सरकारने बंदी घातली तेव्हा
बंदी घालण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं.

त्या एका बाईला रोहू तोलून देत होत्या.
डोकं ठेवू का? नको? बरं.
मग माझ्याकडे न बघता:
लकडी पुलाखाली माझा बाप वांब धरायचा.
हाताएवढी. टोपलीच असायची.
तिचं कुणी चित्र काढलं?

मला माहीत नव्हतं.

हा रोहू उजनीचा, म्हणाल्या. मुठेत आता काय आहे.

नाव काय म्हणालात याचं?
कॉड.
आणि हे खाली लिहिलंय ते?
गादुस.
गादुस, त्या म्हणाल्या, आणि त्या अक्षरांवर
अंगठा दाबला, मांस उसळी घेतं का बघतात तसा.

घरी येऊन पाहिलं. शाई हलली नव्हती.
हॅडॉकच्या डागापासून वीतभर लांब,
कागद अंगठ्याएवढा तेलकट झाला होता,
उजेडाकडे धरला की तेवढ्याच जागेतून
खिडकीचे गज दिसतात.
असा डाग निघतो. माझ्याकडे द्रावण आहे,
टिपकागद आहे, मऊ ब्रश आहे.

नोंदीच्या कार्डावर लिहिलं:
कॉड. हाताने रंगवलेला. उजव्या समासात तेलाचा डाग.
वास आला. हात आपोआप नाकाकडे गेला,
मग खाली आणला.
स्थिती, या रकान्यात आधी 'बरी' लिहिलं होतं.
खोडलं.
शिळा.