हिला

मे महिन्यात नागपूरचं ऊन
सकाळी सहालाच दारात उभं,
हप्ता वसूल करायला आल्यासारखं.
कूलरची खस रात्रभर पाणी पिऊन कोरडीच.
म्हणून तरणतलाव. सातची बॅच. लहान गट.
स्कूटरवर पुढे उभी निहारा, पाच वर्षं आठ महिने,
डोक्याला माझा रुमाल,
खिशात तिच्या आईनं बजावलेला कांदा.

आई चंद्रपूरला, बँकेत. शनिवारी येते.
उरलेले वार माझे.

तलावाला दोन दारं.
एकावर ठळक निळ्या रंगात पुरुष.
दुसऱ्यावरचा म पोपडा होऊन गळलाय,
राहिलंय नुसतं: हिला.
हिला कुठून नेऊ,
ते पाटीवर लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी आमच्याच दारातून नेलं.
आत गजबे आजोबा टॉवेल गुंडाळून केस पुसत होते,
ते दचकून भिंतीकडे वळले,
त्यांचं बघून बाकीचे,
क्षणात नुसत्या पाठीच पाठी.
मी तिच्या डोळ्यांवर पंचा धरला.
"बाबा, आंधळी कोशिंबीर?"
हो म्हणालो.
पण एवढ्या पाठींमध्ये
राज्य कोणावर आहे, मलाच कळेना.
"काहून आणता जी पोट्टीले इकडं?"
कुणीतरी भिंतीलाच विचारलं.
आवाजात राग नव्हता. संकोच होता,
आणि त्यातला अर्धा माझ्या वाटणीचा.

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या दाराशी गेलो.
आत नाही, उंबरठ्याच्या अलीकडे.
तरी बांगड्या थांबल्या,
एका पोरीचं हसू मधेच तुटलं,
पडद्याची कडी सर्रकन सरकली.
त्यांचं बरोबर होतं.
माझंही चूक नव्हतं.
या दोन वाक्यांच्या मधल्या फरशीवर
माझी मुलगी, ओली,
एका पायावर दुसरा पाय ठेवून.

मग पोछा टेकवून कौतिकाबाई आली.
"तुमी बाहीर थांबा भाऊ. मी हाव न."
निहाराचा हात तिच्या हातात गेला
आणि दार लागलं.

तिचं आडनावही मला ठाऊक नव्हतं.
मी बाप्या म्हणून माझ्यावर शंका,
ती बाई म्हणून तिच्यावर भरवसा,
दोन्ही एका मिनिटात, न विचारता,
आणि त्यातला दुसरा निर्णय माझाच.

झरोक्याखाली उभं राहणं बरं दिसत नाही,
म्हणून टाकीपाशी जाऊन ओरडलो:
"निहारा, साबण लावला का?"
"होऽऽ"
"डोळे मिटलेस?"
आतून तिघीचौघी एकदम:
"मिटले हो भाऊ! घाबरू नका!"
आणि हसल्या. या वेळी पूर्ण.

त्या संध्याकाळी इतवारीत शिंप्याकडे
तीन फ्रॉक नेले.
याची बटणं पाठीवरून काढून पुढे घ्या.
"साहेब, ह्याची फॅशनच मागं असते."
मागे हात पुरत नाही तिचा.
आणि माझा, म्हटलं, तिथे पोचत नाही.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं,
तोंडातली सुई काढली,
पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता ती स्वतः बाहेर येते.
केसांतून पाणी गळतंय,
हनुवटीखाली एक बटण एकटंच उरलेलं,
आणि खाली एक काज रिकामं.
मी हात पुढे करतो. "मी केलंय," ती म्हणते.
हात मागे घ्यायला
मला अजून जरा वेळ लागतो.
रात्री फोनच्या काचेतून आई:
"अहो, बटणं चुकलीत तिची."
मी म्हणालो, फॅशन आहे.

सोमवारी कुणी तरी तो म रंगवून टाकला होता.
तिनं बोट फिरवून अक्षरं लावली,
बोट निळं झालं, ते फ्रॉकला पुसलं.
दाराशी थांबली, मागे वळली,
खिशात हात घालून म्हणाली,
"बाबा, कांदा धर."