सातपर्यंत

बस साडेनऊलाच रीगात सोडून गेली.
कार्यक्रम सातला.
मधला दिवस कुणाच्याच नावावर नाही.

तिकीट आतल्या खिशात. तीनदा चाचपलं.
नदीकाठी वारा असा, की टोपी हातात धरूनच चालले.
एका दुकानात लाल बूट घालून पाहिले,
आरशापर्यंत गेले, काढून ठेवले.
सूपवाल्या मुलीनं विचारलं, "एकट्याच?"
"हो," म्हणाले, आणि पाव जास्तीचा मागून घेतला.

बाजारात मात्र हात आवरला नाही:
धुरी दिलेली वाम, सोनेरी, हातभर लांब.
पैसे दिल्यावर आठवलं,
घर दीडशे किलोमीटरवर, आणि त्याआधी चेलो.
ट्राममध्ये लोक खिडक्या उघडू लागले.
मी बाहेर बघत बसले,
जणू पिशवी परक्याची.

कोट ठेवायच्या खिडकीत औस्मा नावाची बाई.
तिनं पिशवी हुंगली.
"किनाऱ्यावरची?"
"बाजारातली."
नाक न मुरडता तिनं ती वेगळ्या खुंटीला टांगली,
बिल्ला दिला: एकशे चार.

दिवे मालवले. पहिला सूर लांबत गेला
तेव्हा हनुवटी हातावर होती माझी
आणि बोटांना अजून
ओल्या लाकडाच्या धुराचा वास.
दुसऱ्या मुठीत
बिल्ला गरम होत गेला.