लिटरला पस्तीस ग्रॅम

लातुरात आमच्या गल्लीत नळ येतो नवव्या-दहाव्या दिवशी,
तोही पहाटे, चोरासारखा.
त्यातलं साठ लिटर गाळून
मी त्यात मीठ कालवलं.
तळमजल्यावरच्या शेवंताबाई दारातच थबकल्या :
"अगं, चांगलं पाणी नासवलालीस का?"
म्हटलं, समुद्र करतेय.
त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, कळलं नाही.

घरातलं मीठ नाही चालत.
पुण्याहून बादली येते, पगाराला चिमटा काढून.
लिटरला पस्तीस ग्रॅम. वजनकाटा शेजारच्या यास्मीनचा,
केकच्या मैद्याचा वास अजून त्याला.

दिवसा मी डायलिसिसवर.
तिथंही हेच, पाणी गाळायचं, क्षार मोजायचे,
आकडा जागचा हलू द्यायचा नाही.
रक्त खारट असतं. समुद्र त्याच्या चौपट.
मी अजून पाहिलेला नाही.
आधी केला.

सहा आठवडे टाकी रिकामीच.
वाळू, दगड, पंपाची घरघर
आणि कुजायला टाकलेला कोळंबीचा एक तुकडा.
रोज परीक्षानळीत थेंब टाकायचे,
हिरवा रंग पिवळा व्हायची वाट बघायचे.
ओजस विचारायचा, मासे कधी?
आधी घाण पचवणारे येऊ देत, रे.
ते दिसत नाहीत, म्हणून काय घर त्यांचं नाही?

मग ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, थर्माकोलच्या खोक्यात,
दोन क्लाउनफिश. केशरी, पांढरे पट्टे,
बोटाच्या पेराएवढे.
नर कुठला, मादी कुठली?
दुकानदार फोनवर म्हणाला, अजून कुणीच नाही, ताई.
जो थोराड होईल तो मादी होईल.

बेड चारवरच्या गयाबाई लोखंडेंना हे सांगितलं.
मंगळवार, शुक्रवार. मीठ बंद, दिवसाला अर्धा लिटर पाणी.
"म्हंजे मोठं व्हायचं तर बाई व्हायला लागतंय?"
बराच वेळ छताकडं बघून,
"बरंय की."

मे महिना. बेचाळीस.
बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायच्या, पंखा पाण्यावर.
पाणी उडतं, मीठ मागं राहतं,
काचेवर पांढरी रेघ चढत जाते.
उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं, खारं नाही.
हे गयाबाईंना समजावून सांगावं लागलं नाही.

चौदाव्या महिन्यात आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत
केशरी ठिपक्यांचा एक चट्टा.
बाप त्यावर पर हलवत राहिला, रात्रंदिवस,
मेलेलं अंडं तोंडानं उचलून काढत.
ती मोठी, एका कोपऱ्यात, मालकिणीसारखी.
खिडकीत बिसलरीच्या बाटल्या हिरव्यागार,
त्यात पिल्लांचं खाणं वाढत होतं, डोळ्याला न दिसणारं.

आठव्या दिवशी अंड्यांत डोळे चमकले.
फुटतात ती काळोखात. मी चादर टाकली, उशा लावल्या,
तरी रस्त्यावरचा दिवा फटीतून येतच होता.
साडेनऊला लाईट गेली, अख्ख्या गल्लीची.
जन्मात पहिल्यांदा मी शिवी दिली नाही.
इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप, बुडबुड, बुडबुड.
अकराला बॅटरी मारली :
पाण्यात चांदीची किसं, तीनेकशे,
प्रत्येकाला दोन डोळे आणि जवळजवळ बाकी काहीच नाही.

सातव्या दिवशी उरली सतरा.
काय चुकलं, अजून माहीत नाही.

शुक्रवारी फोनवर दाखवली.
गयाबाईंनी फोन डोळ्यांशी नेला.
"ह्यांना तहान लागत असंल का गं?"
लागते, म्हटलं. समुद्रातले मासे
सारखं पाणी पीत असतात.
"सारखं?"
"सारखं."
त्यांनी फोन परत दिला, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.
मशीनवर त्यांचे अडीच लिटर
थेंबाथेंबानं उतरत होते.