साडेतीन इंच

यांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
धरणाच्या पट्टीवरची पाण्याची उंची वहीत लिहिली.
सकाळी सात, संध्याकाळी सात.
आकडा चुकला तर खाडाखोड नाही, नवं पान.
गॅरेजची उंची मात्र अंदाजानं धरली.

म्हणून मे महिन्याच्या या दुपारी
त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गल्लीत
ट्रेलरवर एक बोट उभी आहे.
खिंडसीच्या एका ठेकेदारानं धंदा गुंडाळताना विकलेली,
पांढरी, एका कुशीला पोपटी पट्टा,
आणि डोक्यावर पाइपांचा मनोरा.
त्याला दोरी बांधून म्हणे
माणसाला पाण्यावरून ओढत नेतात.
कुठं नेतात, ते मी विचारलं नाही.

दार सहा फूट दहा.
मनोरा सात फूट दीड.
मधले साडेतीन इंच
बघायला सगळी गल्ली जमलेली.
गॅरेज एक्क्याण्णव सालचं, मारुतीच्या मापाचं.
तेव्हा वाटायचं,
या घरात येईल ती सगळ्यात उंच वस्तू तीच.

मनोरा वाकतो, पण बोल्ट गंजून एकजीव झालेले.
यांनी रॉकेल घातलं, हातोडी घातली,
शेवटी शिवी घातली.
"चाकाची हवा सोडा ना, काका," लांजेवारांचा पोरगा म्हणाला.
सोडली.
बोट दमल्या म्हशीसारखी दोन इंच खाली बसली.
उरला दीड.
खोब्रागडे सर बारावीला फिजिक्स शिकवतात.
त्यांनी ट्रेलरच्या पाट्यांकडे पाहिलं,
मग आमच्याकडे पाहिलं,
आणि एकेकाचं वजन विचारायला लागले.

हेडाऊ पंचाण्णव.
रझिया खाला आधी नाहीच म्हणाल्या, मग अठ्ठ्याहत्तर.
भुसारी वहिनींनी साठ सांगितलं,
सरांनी न बोलता सत्तर लिहिलं.
आम्ही चपला खाली काढून चढलो,
कोणाच्या नव्या घरी जावं तसे.
खालांनी बिस्मिल्ला म्हटलं, वहिनींनी पदर खोचला,
पोरांनी ढकललं.
मनोऱ्याच्या वरून, बोटभरही अंतर न ठेवता,
स्लॅब सरकत सरकत गेला.
आम्ही उगाचच माना घातल्या होत्या.

टाळ्या.
मग हेडाऊ उतरले.
बोट जराशी वर आली, कोणाच्या लक्षात आलं नाही.
मग खाला. मग वहिनी. मग सर स्वतः.
कुठंतरी टक् झालं
आणि चुन्याची चिमूट माझ्या केसांत पडली.

"थांबा बे! उतरून कोण राह्यलं?"
हे ओरडले तेव्हा आत मी एकटीच होते.
मनोरा छताला टेकलेला, अजून घुसला नव्हता.
सर म्हणाले, "हे मी धरलंच नव्हतं."
हे म्हणाले, "तू बसून राय.
तू उतरली का स्लॅब गेला."

लग्नाला चौतीस वर्षं झाली.
माझ्या बासष्ट किलोंवर या घराचं छत टेकलंय
असं चारचौघांत
यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

हे स्कूटर काढून वाडीला गेले,
ग्राइंडरवाला आणायला.
खालांच्या कुकरची शिट्टी झाली, सरांची ट्यूशन होती.
जाता जाता कोणीतरी शटर अर्धं ओढलं,
मला ऊन लागू नये म्हणून.

अंधार.
भिंतीपलीकडं कूलरची टाकी भरतेय.
आवाज बारीक होत जातो तसं पाणी चढतं,
हे मला यांनीच शिकवलेलं.
आत्ता अर्ध्याच्या वर असेल.
मी जरा डावीकडं कलले.
बोटही कलली, पाट्या कुरकुरल्या.
मग उजवीकडं.
मग पुन्हा.

वाडीचा ग्राइंडरवाला रविवारी दुकान उघडत नाही.
मला माहीत होतं.
सांगायचं राहून गेलं.