माग

वूच शहरातल्या गिरण्या बंद पडून तीस वर्षं झाली,
माग भंगारात गेले,
तरी गेनोवेफाबाई नवा टॉवेल आणला की
आधी खिडकीशी नेतात,
उजेडावर धरतात, बोट फिरवतात.
"तपासनीस होते मी," म्हणतात, "विणणारी नव्हे.
विणणाऱ्या पुष्कळ होत्या."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते.
मीही उजेडावरच काहीतरी धरते, पगार घेऊन:
जिलेटिनचा तळहाताएवढा थर,
त्यात स्तनातल्या गाठींचा अर्क, ओळीने, नंबर घालून.
वीज लावायची. धुवायचं.
मग रात्रभर ऊब, सदतीस अंश, अंगाची असते तेवढी,
थोडं कॅल्शियम, चिमूटभर जस्त.
सकाळी निळा रंग.
सगळं निळं होतं,
फक्त रात्री विकरं जिथे जेवली
तिथे पांढरी रेघ.

माझं काम म्हणजे नसलेलं वाचणं.

आमच्या भाषेत कापड म्हणजे त्कानिना
आणि ऊती म्हणजे त्कांका.
दोन्ही एकाच मागावरून उतरलेले शब्द.
दुधाच्या नळीभोवतीही एक कापड असतं,
कोलॅजनची दाट वीण,
आणि गाठ त्याच्या आत आहे तोवर
घरातलं भांडण घरात.
बाहेर पडायचं तर उसवावं लागतं.

पण कात्री बहुतेकदा तिची नसतेच.
शेजारच्या साध्यासुध्या पेशी,
एरवी जखमा भरणाऱ्या,
त्यांच्याकडून ती मागून घेते, आणि त्या देतात.
कुंपणच शेत खातं.

याच कात्र्या, बाळाचं दूध तुटलं की
रिकाम्या झालेल्या ग्रंथी मोडून, झाडून, आवरून ठेवतात.
गेनोवेफाबाईंच्या छातीतही चाळीस वर्षांपूर्वी
आवराआवर झाली असणार, दोनदा,
त्या पाळीला जाऊन आल्या तरी पत्ता न लागता.
काम संपलं की 'बस' म्हणणारं कोणीतरी असतं शरीरात.
असायचं.

'बस' म्हणणारी औषधंही निघाली होती, माझ्या आधी.
माणसांचे खांदे आखडले, बोटं वळेनात,
आणि गाठी आपल्या चालत राहिल्या.
प्राध्यापक ग्रोहोल्स्की त्या फायली
खालच्या कप्प्यात ठेवतात अजून. टाकत नाहीत.
वाचतही नाहीत.

मार्चमध्ये, मंगळवारी, त्यांचं ऑपरेशन झालं.
गुरुवारी माझ्याकडे एकेचाळीस नंबरची नळी आली.
बहात्तरपाशी एक रेघ, बारीक.
ब्याण्णवपाशी रुंद, दिवा लागल्यासारखी,
आणि तिच्या जरा खाली आणखी एक:
म्यान काढून ठेवलेली.
नंबर कुणाचा हे विचारायचं नसतं. विचारलं नाही.
एका मंगळवारी या शहरात
कितीतरी बायकांची ऑपरेशनं होत असतील.
होत असतील ना.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्यांनी बोलावलं.
एका हाताने गालारेता केली होती,
डुकराचे पाय रात्रभर उकळून,
पातेलं तेवढं मी उतरवलं.
थरथरणारा, पारदर्शक थर, त्यात गाजराची चकती.
तेच जिलेटिन. माझा चमचा अडला.

"आमच्याकडे पोरी भोकं मोजायच्या," त्या म्हणाल्या,
"मी कड बघायची.
झिजलेल्या भोकाची कड मऊ, धागे लोंबते.
कापलेल्याची सरळ.
सरळ दिसली की विचारायचं, कुणाची पाळी होती."
मग, पाव मोडत:
"तुला काय दिसतं गं, तुझ्या त्या निळ्यात?"

कड सरळ होती.

मी म्हटलं, व्हिनेगर देऊ का अजून?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
खिडकीकडे जरा वळवून,
नवा टॉवेल बघतात तसं.