उणे बत्तीस

सोहारच्या निक्षारीकरण प्रकल्पात रात्री अडीचला,
बाहेर अजून सदतीस अंश, हवा ओल्या गोधडीसारखी,
घाणेकर फिटर कंट्रोल रूमच्या दारात उभा राहिला.
हेल्मेट काखेत.
"मॅडम, माझ्या अक्षरात काही खोट आहे का?"

नऊ वर्षं तो जुन्या पॉवर मशीनवर
स्वतःची नोंद ठेवायचा, मराठीत. फाइलचं नाव: गाळण.
जाळीत किती जेलीफिश आल्या,
कुठला पंप कण्हला, कोणी कोणाला शिव्या घातल्या.
गुरुवारी नवी इंटेलची पेटी आली.
त्याने नाव टाइप केलं, एंटर दाबलं,
आणि शेल जागच्या जागी मेला.

शेल माझा. म्हणजे तसा पाध्यांचा.
जुबैलला असताना त्यांनी लिहिला, सुट्टीच्या शुक्रवारांत.
राजापूरला कायमचे परतताना टेप हातात दिली
आणि म्हणाले, "पोर्टेबल ठेव.
बाकी काही नाही केलंस तरी चालेल."
वीस हजार ओळी. पगार शून्य.

पोर्टेबल म्हणजे काय, हे खाडीत कोणाला समजवावं लागत नाही.
दोन वर्षांचा करार, नवी खोली,
नळ कुठल्या बाजूला फिरतो ते पहिल्या दिवशी बघायचं,
गृहीत धरायचं नाही.

पाध्यांनी एकदाच गृहीत धरलं होतं.
ओळ चार हजार एकशे सहा.
वर त्यांचीच टीप:
इथे हात लावू नये. का, ते आठवत नाही.

मी हात लावला.

आपल्या लिपीतलं प्रत्येक अक्षर
यंत्राच्या पोटात तीन बाइट अडवतं,
आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दोनशे चोवीस.
घाणेकरचा घ, गाळणीतला ग, पाध्यांचा प,
जातपात नाही, सगळे त्याच दारातून आत.
जुनं मशीन दोनशे चोवीसला दोनशे चोवीस म्हणायचं.
नवं मशीन डावीकडचा बिट कर्जाची खूण समजतं
आणि वाचतं: उणे बत्तीस.

तक्ता सुरू होतो शून्यापासून.
प्रत्येक खणात एक पत्ता, पुढे कुठे जायचं त्याचा.
उणे बत्तिसावा खण आमचा नव्हताच.
तिथे जे काही पडलेलं होतं
त्यालाच पत्ता समजून आम्ही चालू लागलो.

हमूद अल-मकबाली करकचे तीन कप घेऊन आला.
खांद्यावरून वाकून बघत म्हणाला,
"आणि माझं नाव? अरबीत?"
मी हिशेब केला. "उणे चाळीस."
"म्हणजे मी जास्त बुडालेला," तो म्हणाला,
आणि खूश होऊन साखर ढवळत बसला.

दुरुस्ती एका शब्दाची: अनसाइन्ड.
तो टाकायला दोन सेकंद.
मग तीनशे बारा चाचण्या, सात मशीनांवर.
त्यातलं एक मुसफ्फाच्या भंगारवाल्याकडून आणलेलं,
चालू होताना मांजर चिरडल्यासारखं ओरडतं,
पण त्याच्यावर चाललं की कुठेही चालतं.
एक चाचणी नवी लिहिली. तिचं नाव ठेवलं घाणेकर.

पहाटे पाचला पडद्यावर शून्य.
घाणेकरचा चेहरा पडला. "नापास?"
"नाही हो. इथे शून्य म्हणजे सगळं ठीक.
बिघाडालाच काय ते आकडे असतात."

तो खुर्चीत बसला, बोटं पुसली,
आणि नवीन नाव टाइप केलं: गाळण जुनी.
शेल जिवंत राहिला. पण म्हणाला,
गाळण सापडली, जुनी नावाचं काही नाही.

"मधे मोकळी जागा आहे," मी म्हटलं, "अवतरणात घाला."
"अवतरणात? कोणी बोलल्यासारखं?"
"हो. कोणी बोलल्यासारखं."
त्याने चष्मा लावला
आणि एका बोटाने कळफलकावर
ते चिन्ह शोधू लागला.